वडाला न गेलेली बाई

१

फाईल चोरीला गेली ती वटपौर्णिमेच्या दिवशी, भर उजेडात, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान. विचुंब्यातल्या सौजन्य सोसायटीत छत्तीस बिऱ्हाडं. त्यातल्या पस्तीस घरांतल्या बायका त्या वेळी गावातल्या वडाला दोरा गुंडाळत होत्या. उरली एक. म्हणजे चोर तीच. सेक्रेटरी विनायकराव तळेकरांचा हिशेब इतका सरळ होता. सरळ हिशेब लोकांना आवडतो, कारण डोकं चालवावं लागत नाही.

ती उरलेली एक, कादंबरी, दुपारी दोन वाजता पनवेल कोर्टासमोरच्या शरीफाच्या गाळ्यात येऊन उभी राहिली. अंगात कामाचा शर्ट, डाव्या मनगटावर घड्याळ, बाकी हात मोकळे. डोळे कोरडे होते, पण गाळ्याचं शटर धरलेली बोटं पांढरी पडली होती.

शरीफानं सव्वीस वर्षं या गाळ्यात बसून पनवेलकरांची शपथपत्रं, करारनामे, तक्रारी टाईप केल्या होत्या. नवरा कुवेतला. सगळा तालुका तिला आपा म्हणायचा. लोकांच्या भानगडी तिच्या हाताखालून जात आणि तिच्या पोटात राहत. कादंबरी आणि सत्यजीतच्या भाड्याच्या घराचा करारनामा दीड वर्षापूर्वी तिनंच केला होता.

"बस, बेटा. आधी खा काहीतरी." शरीफानं खारीचा पुडा फोडला. एक खारी तिनं शेजारी पाटीवर जांभळं विकणाऱ्या गोदूबाईपुढे धरली. गोदूबाईनं हात मागं घेतला.

"आज वट हाय, आपा. गव्हाचं नाय चालत. उद्या सकालपर्यंत निस्ता चा नि फलं."

"माझ्या ध्यानातच राहिलं नाही बघ," शरीफा म्हणाली आणि कादंबरीकडे वळली. "हं. बोल."

कादंबरीनं सांगितलं ते थोडक्यात असं. तीन महिन्यांपूर्वी सोसायटीनं ठराव केला: इमारतीत फक्त विवाहित कुटुंबंच राहतील. प्रत्येक फ्लॅटनं लग्नाचा पुरावा द्यायचा. ज्याच्याकडे नसेल त्यानं घर खाली करायचं. पुराव्यांची फाईल विनायकरावांनी ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवली. कालच त्यांनी नोटीस बोर्डावर लाल शाईत लिहिलं होतं: 'पुरावा न दिलेले: फ्लॅट ३०२.' रविवारी अकरा वाजता सभा. आज साडेबाराला कपाट उघडलं तर फाईल गायब.

"वॉचमन बळीराम ऑफिसमागच्या पाण्याच्या टाकीवर होता. त्याला ऑफिसात कुणी बाईमाणूस गेल्याचं जाणवलं. सगळ्या बायका वडाला. मी दुसऱ्या पाळीची, म्हणून घरात. सत्यजीत साताऱ्याला, उद्या त्याची तारीख आहे."

तारीख म्हणजे घटस्फोटाची. सत्यजीतची पहिली बायको पाच वर्षांपूर्वी निघून गेलेली, आणि केस चार वर्षं कोर्टात पडून.

"आपा, लग्नाला आम्ही नाही म्हणतोय का? पहिलं सुटल्याशिवाय दुसरं बांधायचं नाही, एवढंच. खोटं करायचं असतं तर कुठल्याही देवळात हार घालून फोटो काढला असता."

"आणि आता?"

"रविवारच्या सभेत ठराव घेऊन पोलिसात तक्रार देणार. पुढच्या महिन्यात माझा पोर्टचा पास रिन्यू व्हायचाय. त्याला पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. तक्रार नुसती नोंदली गेली तरी पास गेला. पास गेला की जासईच्या कंटेनर यार्डात मला गेटच्या आत कोण घेतंय? घर जाईल ते जाईल, आपा. नोकरीपण जाईल."

शरीफानं टाईपरायटरवर कापड टाकलं. पाच वर्षांपूर्वी ती स्वतः त्याच सौजन्यमध्ये फ्लॅट बघायला गेली होती. एजंट बाळू गोड हसून म्हणाला होता, "आपा, आमचं काही नाही हो, पण तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल." त्यानंतर आज पहिल्यांदाच ती त्या गेटातून आत जाणार होती.

२

गेटवर बळीरामनं वही पुढे केली. साठीचा माणूस. ही इमारत उभी आहे तिथंच त्याच्या बापाचं भाताचं खाचर होतं. आता तो त्याच जमिनीची राखण करायचा, दुसऱ्यांसाठी.

"नाव, टाईम, कुनाकडं, आनि नातं," तो म्हणाला.

"नातं कशाला?"

"सेक्रेटरीसायबांचा नियम. येनारा मानूस कुनाचा कोन, ते लिवायचं. मंग काय लिवू?"

"टायपिस्ट लिही."

"ते नातं व्हय?"

"कधीकधी सख्ख्यापेक्षा जवळचं असतं, बळीरामदादा. सकाळी तुम्ही काय बघितलं?"

बळीराम वहीवरची धूळ पुसू लागला. धूळ नव्हती. "बाईमानूस व्हतं. तवढंच. आमी गेटवरची मानसं, आमाला काय कलतंय." तो तिच्याकडे न बघता बोलला, आणि दुपारी ज्याच्या तोंडून एवढी मोठी गोष्ट निघाली तो संध्याकाळी एवढा मुका का झाला, हे शरीफानं मनात टाचून ठेवलं.

ऑफिस तळमजल्यावर, एक खोली. टेबल, खुर्च्या, लोखंडी कपाट, भिंतीवर गणपतीची तसबीर. विनायकराव तिथंच बसले होते. बँकेतून निवृत्त, कडक इस्त्रीचा सदरा, कपाळावर बारीक गंध. त्यांच्याशेजारी चेअरमन, म्हणजे तोच एजंट बाळू.

"तुमचा इथं काय संबंध?" विनायकरावांनी विचारलं.

"३०२चा करारनामा माझ्या हातचा आहे. त्यात कुठंही लिहिलेलं नाही की भाडेकरूनं लग्नाचा दाखला द्यायचा. सहकार खात्यानं लग्नं लावायला कधी सुरुवात केली, साहेब?"

बाळू खुदकन हसला आणि विनायकरावांचा चेहरा बघून गप्प झाला.

"समाज म्हणून काही असतं, बाई. इथं लेकी-सुना राहतात. कायदा सगळीकडे पुरा पडत नाही, तिथं आम्ही पडतो."

"कुलूप तोडलं होतं?"

"नाही."

"मग किल्ली?"

उत्तर दिलं बाळूनं. "किल्ली त्या तसबिरीमागच्या खिळ्याला असते. आज पण तिथंच होती. कपाटाला कुलूप लावलेलं, किल्ली खिळ्याला, तसबीर सरळ."

शरीफानं तसबिरीकडे बघितलं. तिच्यावरचा हार जरासुद्धा हललेला नव्हता. चोर घाईत असतो. हा चोर कुलूप लावून, किल्ली जागेवर ठेवून, देवाची तसबीर नीट करून गेला होता. काढलं तिथंच ठेवायचं, अशी सवय लागलेला हात होता तो. आणि कादंबरीनं तर या खोलीत आजवर पाऊलही टाकलं नव्हतं.

"ही जागा कुणाकुणाला ठाऊक?"

"मला, बाळूला, वॉचमनला," विनायकराव म्हणाले. "आणि जिला शोधायची होती तिला. रविवारी अकरा वाजता, बाई. त्यानंतर चौकीत बोलू."

३

ऑफिसातून बाहेर पडताना समोरच्या १०१चं दार उघडलं. विनायकरावांच्या पत्नी वसुंधराबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, सडपातळ, हिरवं काठपदर, हातभर नव्या हिरव्या बांगड्या. इमारतीतल्या बायकांना वडाला त्याच नेत. शरीफाला त्यांनी आत बोलावलं, हे शरीफाला अनपेक्षित होतं.

"उन्हातून आलात. चहा घ्या."

दोन कप आले. ताटलीत ग्लुकोजची बिस्किटं. वसुंधराबाईंनी एक उचललं, चहात बुडवलं आणि खाल्लं, कसलीही चव नसल्यासारखं. मग दुसरं.

"ती मुलगी कशी आहे?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"जेवली नाहीये."

"तिला सांगा..." त्या थांबल्या. बांगड्या कपावर आपटून वाजल्या. "काही नाही. तिला सांगा, जेवून घे."

कोपऱ्यात पूजेची करंडी होती. वेताची, मोठी, वर खण झाकलेला. खणाच्या कडेनं आंब्याचं देठ डोकावत होतं. शरीफाची नजर तिकडे गेली तशा वसुंधराबाई उठल्या आणि मध्ये उभ्या राहिल्या.

"साहेब येतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही निघा आता."

४

शुक्रवार गेला तो वाईट गेला. सकाळी ३०२च्या दारावर कुणीतरी खडूनं एक शब्द लिहिला. तो इथं लिहीत नाही. ज्यानं लिहिला त्याच्या घरातही लग्नाचा दाखला फ्रेम करून टांगलेला असेल. कादंबरीनं तो ओल्या फडक्यानं पुसला आणि कामावर गेली. दुपारी यार्डातल्या सायबानं तिला विचारलं, "काय ऐकतोय मी?" म्हणजे बातमी विचुंब्याहून जासईला तिच्या आधी पोचली होती.

शरीफानं दुपारी बाळू एजंटला त्याच्या ऑफिसात गाठलं.

"बाळूशेठ, ३०२चा मालक मस्कतला. पोरं बाहेर गेली की फ्लॅट विकायला तुम्ही मोकळे. खरं ना?"

"खरं," बाळूनं सरळ कबूल केलं. "गिऱ्हाईक पण तयार आहे. पण आपा, मग मी फाईल कशाला चोरू? मला फाईल हवी. फाईल सभेपुढे आली की पोरं बाहेर. फाईल गेल्यानं माझंच काम अडलंय. आणि आता बाईमाणूस म्हणताय, तर मी साडी नेसून गेलो की काय?"

माणूस लबाड होता, पण बोलणं लबाडीचं नव्हतं. शरीफा रिक्षात बसली तेव्हा त्याचंच वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. फाईल गेल्यानं फायदा कुणाचा? कादंबरीचा नाही. तिचं नाव चोरीच्या आदल्या दिवशीच लाल शाईत बोर्डावर लागलं होतं. जिचा कागद फाईलीत नव्हताच, तिनं फाईल पळवून काय लपवायचं? फाईल पळवेल तो ज्याचा कागद फाईलीत आहे. सगळे उलट्या टोकानं शोधत होते. कुणाचा कागद नाही हे बघत बसले. कुणाचा कागद आहे हे बघायला हवं होतं.

पण मग ज्याला आपला कागद हवा, तो सरळ विनायकरावांकडे मागेल. "साहेब, जरा एक झेरॉक्स काढायचीय." कुणालाही मिळाला असता.

मागता येणार नाही असं कोण?

संध्याकाळी २०४मधल्या कमळाबाईंच्या दारात ती उभी राहिली. कमळाबाई म्हणजे इमारतीचं वर्तमानपत्र, तेही सायंदैनिक.

"वडाला सगळ्या जणी होतात ना?"

"सगळ्या. मी मोजल्यात. अगदी १०४ची, गुडघे बदललेली, ती पण रिक्षानं आली. एकटी ती वरची महाराणी तेवढी नाही."

"मधून कुणी परत आलं नाही?"

"कुणी नाही." कमळाबाईंनी मान हलवली, मग थांबल्या. "म्हणजे वसूताई पंचामृत विसरल्या होत्या. तेवढ्या घरी जाऊन आल्या. करंडी पण घेऊन गेल्या, म्हटलं करंडी राहू दे की, तर नको म्हणाल्या. पण त्या का मोजायच्या? त्यांच्याच नवऱ्याची फाईल."

५

शनिवारी सकाळी बळीराम पंपाच्या खोलीत एकटा होता. शरीफा आत गेली आणि दार लोटून घेतलं.

"दादा, तुम्ही टाकीवर होता. वरून खोलीतलं दिसत नाही. मग बाई होती हे कशावरून कळलं?"

त्यानं तोंड पंपाकडे फिरवलं.

"त्या पोरीला उद्या चोर ठरवणार. तुमच्या एका शब्दावर. पुढचा शब्द पण तुम्हीच बोलायचा."

त्यानं पंपाचा खटका खाली पाडला. खोलीत एकदम शांत झालं.

"बांगड्या वाजल्या," तो म्हणाला. "काचेच्या. भरपूर. दार लागलं नि बांगड्या वाजल्या. मी सायबाला बोल्लो, बाईमानूस व्हतं. मना वाटलं आसंल कोनी. सायेब लगेच बोल्ला ३०२वाली. आता ती पोरगी, तिच्या हातात कवा बांगडी बगितली का तुमी? मी नाय बगितली." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मंग मी इचार केला, ती नाय तर कोन. आनि मंग बोलायला तोंड ऱ्हायलं नाय. माज्या नातीला ज्या बाईनी फुकट शिकवून दहावी काडून दिली, तिचं नाव घेऊ?"

"नाव मी विचारलंच नाही, दादा."

"तुमी इचारू बी नका."

शरीफा गाळ्यात परतली. बांगड्या. किल्लीची जागा. परत गेलेली करंडी. तीन बोटं एकाच दाराकडे दाखवत होती, तरी मन धजेना. कारण तिच्यापाशी 'का' नव्हतं. ज्या बाईच्या नवऱ्यानं फाईल केली, ती फाईल का चोरेल? चौतीस वर्षांचा संसार, वटाची पुढारी, कपाळभर कुंकू.

गोदूबाई पाटी मांडत होती. शरीफानं सवयीनं खारी पुढे केली. आज गोदूबाईनं घेतली आणि कडाकडा चावली.

"आज चालतं?"

"सुटला कालच उपास. वटाचा उपास मोडला तर नवऱ्याचं वाईट व्हतं, म्हंतात. माजा जिता हाय तो दारूनं मरंल, पन माज्या खारीनं नको."

शरीफाचा हात तसाच पुड्यावर राहिला.

गुरुवारी संध्याकाळी. ग्लुकोजचं बिस्किट. एक नाही, दोन. इमारतीतल्या झाडून साऱ्या बायकांना उपास धरायला लावणारी बाई, वटपौर्णिमा अजून मावळली नसताना, परक्या बाईसमोर गव्हाचं बिस्किट चहात बुडवून खात होती. विसरून नव्हे. असल्या बाया विसरत नाहीत. तिनं त्या दिवशी उपास धरलाच नव्हता.

वडापाशी उभी राहिली, पण वडाला गेली नव्हती.

बाई नवऱ्यासाठीचं व्रत कधी सोडते? शरीफानं सव्वीस वर्षांत टाईप केलेले सगळे कागद तिच्या डोळ्यांसमोरून सरकले, आणि त्यातला एक थांबला: नवऱ्यानं दिलेल्या खोट्या कागदाविरुद्ध एका बायकोची तक्रार.

६

रविवारी सकाळी नऊ वाजता विनायकराव सभेच्या खुर्च्या मोजायला पार्किंगात गेले. शरीफानं १०१चं दार वाजवलं.

"करंडीत अजून आहे का ती?" तिनं आत जाऊन विचारलं.

वसुंधराबाईंनी नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या, शाळेतल्या मुलीसारख्या, हात मांडीवर घेऊन.

"कसं ओळखलंत?"

"बिस्किटावरून. बाकीचं नंतर जुळलं. पस्तीस घरांतली कुठलीही बाई सेक्रेटरीकडून आपला कागद मागून घेऊ शकली असती. एकीलाच ते शक्य नव्हतं. जिचा संशय सेक्रेटरीवरच होता तिला."

मग वसुंधराबाई बोलल्या, हलक्या, सपाट आवाजात.

"ठराव झाला तेव्हा मी म्हटलं, आपलाही दाखला नाही, काढून घेऊ. हे म्हणाले मी बघतो. मला वाटलं, यांना किती कामं, आपणच करावं. मागच्या महिन्यात यांना न सांगता यांच्या गावी गेले, माणगावच्या पुढे. ग्रामपंचायतीतल्या मुलानं रजिस्टर उघडलं. म्हणाला, 'बाई, विनायक तळेकरांचं लग्न नोंदलेलं आहे.' मला आनंद झाला हो. म्हटलं सासऱ्यांनी नोंदवलं असेल. मग त्यानं वाचून दाखवलं. बायकोचं नाव हौसा. आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीचं."

"हयात आहे?"

"त्याच गावात. वाडीच्या टोकाला. मी गेले. तिनं मला पाणी दिलं. विचारलं, 'कोन म्हनायचं तुमी?' मी म्हटलं, शाळा तपासायला आलेय." त्यांनी पदर दाताखाली धरला आणि सोडला. "तिच्या कपाळावर कुंकू होतं, आपा. वडाला ती पण जात असेल. त्याच माणसासाठी. मी कुठल्या तोंडानं दोरा गुंडाळू?"

"आणि फाईल?"

"मी यांना विचारलं, आपला कागद लावला का? म्हणाले लावला. मला बघायचं होतं, काय लावलं. शपथपत्र आहे. 'उभयतांचा हा पहिलाच विवाह.' खाली माझी सही. मी न केलेली. बांगड्या एवढ्या वाजायला लागल्या की कुणी येईल असं वाटलं. एक कागद काढायला बोटं चालेनात, अख्खी फाईल करंडीत टाकली, वर आंबे ठेवले. मागाहून ठेवून देऊ म्हटलं. परत येते तर बोभाटा झालेला."

"आणि पोरीचं नाव घेतलेलं."

"हो."

"तीन दिवस."

"माझ्या लेकीचं लग्न ठरलंय, आपा. डिसेंबरात." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली. "मी तोंड उघडलं तर ती कुणाची, मी कोण, हे छत्तीस घरं चघळणार. तुम्ही काय केलं असतं?"

"माहीत नाही," शरीफा म्हणाली. "मी टायपिस्ट आहे, काझी नाही. तुमचं नाव मी घेणार नाही. पण बाई, चूक त्यांची, झळ तुम्हाला, आणि फाशी तिला? तिनं निदान खोटा कागद तरी केला नाही. अकरा वाजता मी सभेत असेन."

ती निघाली. बाहेर पडताच शरीफाला मागून कडी लागल्याचा आवाज आला.

७

अकराला इमारतीखालच्या पार्किंगात साठेक माणसं. रात्री साताऱ्याहून परतलेला सत्यजीत कादंबरीशेजारी उभा. त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. १०१चं दार बंद.

विनायकरावांनी ठराव वाचला. फ्लॅट ३०२ पंधरा दिवसांत खाली करणे. फाईलचोरीबद्दल कादंबरीविरुद्ध आजच पोलिसात तक्रार करणे.

"मला बोलायचंय," शरीफा म्हणाली.

"बाहेरच्यांना बोलता येत नाही."

"मग सभासदांनीच विचारावं तुम्हाला," ती खुर्च्यांकडे वळली. "हिचं नाव बुधवारीच बोर्डावर होतं, तर गुरुवारी फाईल चोरून हिनं काय मिळवलं? टाकीवरून काचेच्या बांगड्या ऐकू आल्या. हिचे हात बघा. किल्ली तसबिरीमागं असते हे हिला कोण सांगणार, तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं?"

एकही हात वर झाला नाही. कुजबुज सुरू झाली.

"बांगड्यांचं कोण म्हणालं?" विनायकरावांनी विचारलं.

"मी," गेटकडून बळीराम म्हणाला. "आयकल्या ते सांगितलं. तवा तुमी पुरतं आयकलं नाय."

"म्हणजे दुसरी कुणी बाई होती?" बाळूनं विचारलं. "सगळ्या तर वडाला..."

"नाव सांगा मग," विनायकराव शरीफावर खेकसले. "एवढी हुशारी आहे तर नाव सांगा. नाहीतर तक्रार आत्ता जाते. कुणाच्या घरची बाई होती?"

शरीफानं कादंबरीकडे बघितलं. पोरीचे ओठ घट्ट मिटलेले. नाव जिभेच्या टोकावर होतं, दोन अक्षरी 'वसू', आणि ते काढलं की पोरगी सुटत होती. शब्द दिला नसता तर. बंद दाराकडे बघत ती गप्प राहिली. पाच सेकंद. दहा.

"बघा," विनायकराव लोकांकडे वळले. "नाव नाही. हात वर करा, ठराव..."

कडी निघाली.

वसुंधराबाई बाहेर आल्या. हातात करंडी. त्या चालत टेबलापर्यंत आल्या, खण काढला, सुरकुतलेले आंबे बाजूला केले आणि निळी फाईल नवऱ्यापुढे ठेवली.

"तुमच्या घरची," त्या म्हणाल्या.

माना फाईलकडे वळल्या. कमळाबाईंची सगळ्यात आधी.

"वसू, आत जा."

"१०१चा कागद वाचा. सगळ्यांचे वाचलेत, आपलाही वाचा."

"वसू, तुला बरं वाटत नाहीये."

"मी वाचते मग." त्यांनी चष्मा लावला. तीस वर्षं वर्गात धडे वाचलेला आवाज. "'उभयतांचा हा पहिलाच विवाह असून.' खाली माझी सही आहे, ती मी केलेली नाही. आणि यांचा पहिला विवाह हौसाशी झालाय. ती हयात आहे. मी तिच्या हातचं पाणी पिऊन आलेय." त्यांनी कागद खाली ठेवला. "कायद्यानं पहिली असताना दुसरी ही बायको नसते. म्हणजे चौतीस वर्षं १०१मध्ये लग्न न झालेलं जोडपं राहतंय. तुमच्या ठरावाप्रमाणे पहिली नोटीस आम्हाला काढा. ३०२ला नंतर. त्यांनी तर खरं सांगितलं होतं."

विनायकरावांनी खुर्चीची पाठ धरली. समाज म्हणून जे काही असतं ते समोर साठ खुर्च्यांवर बसलं होतं, आणि त्यातलं कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं.

सगळ्यात आधी १०४ची, गुडघे बदललेली आजी उठली. काठी टेकत टेबलापाशी आली, फाईलीत बोट घालून आपला कागद शोधला आणि घडी करून कमरेला खोचला. मग २०३. मग कमळाबाई. एकेक जण येत होता, आपला कागद काढत होता, न बोलता जात होता. ठरावाला हात वर करायला सांगणारं कुणी उरलं नाही. बाळूनं चेअरमनची खुर्ची उचलून भिंतीला लावली. "तक्रार-बिक्रार काही नाही," तो कादंबरीच्या बाजूला हवेत बघत म्हणाला. "फाईल मिळाली."

माफी कुणी मागितली नाही. इमारतींना तशी सवय नसते.

पार्किंग रिकामं झाल्यावर वसुंधराबाई करंडी घेऊन तिथंच उभ्या होत्या. १०१चं दार उघडं होतं. त्या तिकडे वळल्या नाहीत.

कादंबरी पुढे आली. तीन दिवस जिच्यामुळे झोपली नव्हती, त्या बाईसमोर ती उभी राहिली. रागही होता चेहऱ्यावर, लपवला नाही तिनं.

"जेवलात?" तिनं विचारलं.

वसुंधराबाईंनी मान हलवली.

"आमच्याकडे एक खोली रिकामी असते. सत्यजीत तिथं चित्रं काढतो, ती सरकवता येतील." तिनं करंडी त्यांच्या हातातून घेतली. "चला."

जिन्यापाशी बळीराम वही उघडून उभा होता. सवय. त्यानं नाव लिहिलं, वेळ लिहिली, ३०२ लिहिलं. मग पेन थांबलं.

"बाई, नातं काय..."

वसुंधराबाई पहिल्या पायरीवर थबकल्या. काय सांगावं ते त्यांनाही सुचेना. कादंबरीला पण नाही.

बळीरामनं दोघींकडे बघितलं, मग शरीफाकडे. पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि बगलेत धरली.

"जावा वरती," तो म्हणाला. "जिना सांबालून. पानी सांडलंय."